चोरपावलांच्या सुधारणा आणि जनआंदोलने : एका सिद्धान्ताची चिकित्सा

प्रास्ताविक

२४ जुलै १९९१ हा दिवस डॉ. मनमोहन सिंग यांच्या अर्थसंकल्पाचा दिवस म्हणून स्मरणात राहिला आहे. परवाना पद्धतीचा डोलारा ज्या दस्तऐवजाने मोडीत काढला, ते नव्या औद्योगिक धोरणाचे निवेदन त्याच दिवशी, अर्थसंकल्पाच्या काही तास आधी, लोकसभेत ठेवले गेले होते. उद्योग खाते पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव यांनी स्वतःकडे ठेवले होते. निवेदन मात्र राज्यमंत्र्यांनी सादर केले. त्या निवेदनाचा आरंभ पंडित नेहरूंच्या गौरवाने होतो. नेहरूप्रणीत औद्योगिक व्यवस्थेला निरोप देणारा मजकूर नेहरूंच्याच नावाने सुरू व्हावा, यातील राजकीय चातुर्य लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच दिवशीच्या अर्थसंकल्पात खतांच्या किमती ४० टक्क्यांनी वाढविण्याचा प्रस्ताव होता. तो उघड होता, बांधावरच्या शेतकऱ्याला कळणारा होता. साहजिकच त्यावर गदारोळ झाला, आणि सत्ताधारी पक्षाचे खासदारही त्यात मागे नव्हते. अखेर ही वाढ ३० टक्क्यांवर आणावी लागली आणि अल्प व अत्यल्प भूधारकांना तीतून वगळावे लागले. जे सर्वांना दिसले ते अडले, जे झाकून आणले ते पार पडले. भारतातील आर्थिक उदारीकरणाच्या पुढील तीन दशकांचा राजकीय धडा या एकाच दिवसात सामावलेला आहे, असे अनेक अभ्यासक मानत आले आहेत. हा धडा अपुरा आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

लेखासाठी मुख्यतः रॉब जेन्किन्स यांचा 'डेमोक्रॅटिक पॉलिटिक्स अँड इकॉनॉमिक रिफॉर्म इन इंडिया' (१९९९) हा ग्रंथ विचारात घेतला आहे. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, लोकशाहीत खुल्या बाजारपेठेच्या सुधारणा कशा टिकतात या प्रश्नाचे भारतापुरते सर्वांत सुसंगत उत्तर आजही याच ग्रंथात सापडते. दुसरे म्हणजे, त्यातील क्षेत्राभ्यास ज्या राज्यांत झाला त्यांत महाराष्ट्र आहे. तेव्हा महाराष्ट्राच्या अनुभवावर तो तपासून पाहण्याचा अधिकार आणि काहीशी जबाबदारीही मराठी अभ्यासकांकडे येते.

सिद्धान्ताची मांडणी

एम.फिल.च्या अभ्यासाच्या निमित्ताने हा ग्रंथ प्रथम वाचला तेव्हा त्यातील स्पष्टवक्तेपणाने प्रस्तुत लेखक प्रभावित झाला होता. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था 'सुशासन' नावाचा मंत्र जपत होत्या. लोकशाही म्हणजे पारदर्शकता, पारदर्शकतेमुळे जनतेचा विश्वास, आणि विश्वासामुळे आर्थिक सुधारणांना पाठबळ, अशी ती साखळी होती. जेन्किन्स यांनी ही साखळीच तोडली. भारतात लोकशाहीमुळे सुधारणा झाल्या हे त्यांना मान्य आहे. परंतु लोकशाहीच्या ज्या अंगांमुळे त्या झाल्या ती पाठ्यपुस्तकातील अंगे नव्हेत, असे ते म्हणतात. दिशाभूल, दिरंगाई, जुन्या शब्दांत नवा आशय भरण्याची हातोटी, विरोधकांना आपसांत झुंजविण्याचे कसब, या साऱ्यांतून सुधारणा पुढे सरकल्या. त्यांच्या इंग्रजी संज्ञेसाठी मराठीत 'चोरपावलांच्या सुधारणा' हा शब्दप्रयोग येथे योजला आहे.

त्यांच्या युक्तिवादाचे तीन आधार आहेत. राजकीय नेत्यांना सुधारणांची भीती वाटली नाही, कारण परवाने गेले तरी जमिनी, कंत्राटे आणि गुंतवणूक प्रकल्प यांतून कृपावाटपाच्या नव्या वाटा खुल्या झाल्या. संघराज्यात्मक रचनेमुळे विरोध राज्याराज्यांत विभागला गेला. एका राज्यातील असंतोष दुसऱ्या राज्याच्या सीमेवर थबकला. आणि नेत्यांच्या अंगी असलेल्या सौदेबाजीच्या कौशल्यामुळे जे उरले तेही निभावले. आशुतोष वार्ष्णेय यांनी त्याच सुमारास याला पूरक मांडणी केली. त्यांच्या मते १९९० चे दशक मंडल आणि मंदिर या प्रश्नांनी व्यापले होते. जनसामान्यांचे राजकारण तिकडे गुंतले असल्याने आर्थिक सुधारणा अभिजनांच्या राजकारणापुरत्या राहिल्या आणि म्हणून सुखरूप राहिल्या. १९९६ च्या एका मोठ्या सर्वेक्षणाचा दाखला ते देतात: सुधारणांना पाच वर्षे होत आली असता केवळ १९ टक्के मतदारांना त्यांची काही माहिती होती, तर बाबरी मशीद पाडल्याचे जवळजवळ तीन-चतुर्थांश मतदारांना ठाऊक होते.

लॅटिन अमेरिकेचा अनुभव याच्या शेजारी ठेवला म्हणजे भारताचे वेगळेपण उठून दिसते. व्हेनेझुएलात कार्लोस आंद्रेस पेरेस यांनी डिसेंबर १९८८ ची निवडणूक जुन्या सुबत्तेच्या आठवणींवर जिंकली आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये सत्तेवर येताच इंधनाचे दर वाढविले. २७ फेब्रुवारीच्या सकाळी वाढलेले बसभाडे पाहून राजधानीलगतच्या ग्वारेनास येथे प्रवासी संतापले, आणि दिवस मावळेपर्यंत काराकास पेटले होते. अधिकृत आकड्यानुसार सुमारे पावणेतीनशे माणसे मारली गेली. प्रत्यक्ष संख्या याहून अधिक असल्याचे मानले जाते. सुसान स्टोक्स यांनी अशा प्रकारांना 'अनपेक्षित नवउदारमतवाद' म्हटले आहे. प्रचारात एक सांगायचे आणि सत्तेवर येताच दुसरे करायचे, हा त्याचा गाभा. तरीही स्टोक्स यांचा निष्कर्ष एकेरी नाही. पेरू आणि अर्जेंटिनात फुजिमोरी व मेनेम यांनी असाच शब्द फिरविला होता, परंतु १९९५ मध्ये मतदारांनी दोघांनाही पुन्हा निवडून दिले. परिणाम चांगले दिसले तर फसवणूक माफ होते, असा त्यातून अर्थ निघतो.

अनपेक्षितपणे आलेली सुधारणा एका दिवसात रस्त्यावर दंगल घडविते. चोरपावलांनी आलेली सुधारणा दंगल घडवीत नाही. येथपर्यंत जेन्किन्स यांच्याशी मतभेद नाही. परंतु दंगल झाली नाही म्हणजे विरोध झाला नाही, असे होत नाही. या सर्व लेखनात, वार्ष्णेय यांच्या आणि ॲडम प्रेझवोर्स्की यांच्या लेखनातही, जनआंदोलन हा सुधारणेच्या मार्गातील अडथळा म्हणून येतो. तो किती मोठा, तो टाळता आला की नाही, एवढेच विचारले जाते. आंदोलक नेमके काय म्हणत होते हे विचारण्याची गरज फारशी कोणाला भासलेली नाही.

गुहागर ते पेण

जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एनरॉन कंपनीचे प्रतिनिधी महाराष्ट्रात आले आणि अवघ्या काही दिवसांत राज्य वीज मंडळाबरोबर सामंजस्य करार झाला. स्पर्धात्मक निविदा मागविल्या गेल्या नाहीत. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नसल्याचे सांगून जागतिक बँकेने १९९३ मध्ये अर्थसाहाय्य नाकारले. तरीही त्याच वर्षाच्या डिसेंबरात वीजखरेदी करार झाला. दर डॉलरशी बांधलेला होता आणि वीज घेतली नाही तरी ठरावीक आकार देणे मंडळाला बंधनकारक होते. करार त्या वेळी जनतेपुढे ठेवला गेला नव्हता. सुधारणा चोरपावलांनी येते म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मिळणे कठीण आहे.

गुहागर तालुक्यातील वेलदूर, अंजनवेल, रानवी, काताळवाडी या गावांनी केलेला विरोध सुरुवातीला जमीन, पाणी आणि मासेमारी यांच्यासाठी होता. लवकरच त्याला दुसरा सूर मिळाला: करार दाखवा. पुण्याच्या प्रयास या गटाने केलेल्या वीजदराच्या विश्लेषणामुळे खाडीकाठच्या मच्छीमाराचा प्रश्न आणि शहरातील वीजग्राहकाचा प्रश्न एकाच कागदावर आले. शासनाचे उत्तर बंदी आदेशांचे होते. ३ जून १९९७ च्या पहाटे पोलिसांनी वेलदूरमध्ये घरांत शिरून महिलांना मारहाण व अटक केल्याची नोंद ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि ह्यूमन राइट्स वॉच या संस्थांच्या अहवालांत आहे.

जेन्किन्स यांचे समर्थक येथे म्हणतील की दाभोळने सिद्धान्ताला बळकटीच दिली. १९९५ ची विधानसभा निवडणूक शिवसेना-भाजप युतीने एनरॉनला समुद्रात बुडविण्याच्या भाषेत लढविली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच वाटाघाटी करून तो मोठ्या स्वरूपात परत आणला. विरोधाचे भांडवल करून सौदा साधण्याचे कौशल्य ते हेच. हा आक्षेप वजनदार आहे. पण गोष्ट तेथे संपत नाही. १९९९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाल्यावर दर असे चढले की २००० मध्ये काही महिने युनिटला सात रुपयांहून अधिक पडले. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबविले. माधव गोडबोले समितीने त्याच वर्षी कराराची जी चिरफाड केली तिच्यातील अनेक मुद्दे आंदोलक आणि अभ्यासगट आधीपासूनच मांडत होते. डिसेंबर २००१ मध्ये एनरॉन स्वतःच दिवाळखोरीत गेली. म्हणजे जो विरोध टाळला गेला, तो वस्तुतः फुकट मिळालेला हिशेबतपासनीसाचा अभिप्राय होता. तो न ऐकण्याची किंमत वीजग्राहकाने आणि राज्याच्या तिजोरीने मोजली. सुधारणा टिकली की नाही एवढेच मोजणाऱ्या अभ्यासपद्धतीत हा खर्च कोठेच धरला जात नाही.

रायगडची कहाणी याहून बोलकी आहे. विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा मे २००५ मध्ये संसदेने फारशा चर्चेविना संमत केला. फेब्रुवारी २००६ पासून तो अमलात आला. या कायद्याचे नाव पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील बहुतेक शेतकऱ्यांनी प्रथम वाचले ते भूसंपादनाच्या नोटिशीवर. रिलायन्सच्या महामुंबई क्षेत्रासाठी ४५ गावांची जमीन घ्यावयाची होती, आणि संपादन होणार होते १८९४ च्या ब्रिटिशकालीन कायद्याने. खुल्या बाजाराचा पुरस्कार करणाऱ्या धोरणाने जमिनीच्या बाजारात मात्र वसाहतकाळातील सक्तीचा आश्रय घ्यावा, या विसंगतीवर अर्थशास्त्राच्या किती प्राध्यापकांनी बोट ठेवले, हा आपल्या सर्वांसाठी अवघड प्रश्न आहे.

प्रा. एन. डी. पाटील आणि शेतकरी कामगार पक्षाच्या कार्यकर्त्यांनी उभारलेल्या या लढ्याची भाषा काळजीपूर्वक ऐकली पाहिजे. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील गावांचे म्हणणे असे होते की पाणी येणार म्हणून आम्ही इतकी वर्षे थांबलो, आता कालव्याऐवजी नोटीस येते, तर आम्हाला विचारा. आणि २१ सप्टेंबर २००८ रोजी त्यांना खरोखरच विचारले गेले. पेण तालुक्यातील २२ गावांत जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांची लेखी मते घेतली. एखाद्या खाजगी औद्योगिक प्रकल्पाविषयी शासनाने गावोगाव मत अजमावण्याचा असा प्रसंग आपल्याकडे दुर्मीळ. त्याचा निकाल मात्र शासनाने जाहीर केला नाही. पुढे संपादनाची मुदत टळली आणि प्रकल्प बारगळला. शेजारच्या गोव्यात ३१ डिसेंबर २००७ रोजीच दिगंबर कामत सरकारने सर्व विशेष आर्थिक क्षेत्रे रद्द करण्याची घोषणा केली होती. त्याच वर्षी १४ मार्चला पश्चिम बंगालमधील नंदीग्राम येथे झालेल्या गोळीबारात १४ जण मृत्युमुखी पडले, आणि त्याचे राजकीय परिणाम २०११ मध्ये तेथील डाव्या आघाडीला भोगावे लागले.

संघराज्यामुळे विरोध विलग होतो, हे जेन्किन्स यांचे निरीक्षण १९९० च्या दशकापुरते खरे होते. परंतु ज्या सीमांमुळे असंतोष पसरत नाही त्याच सीमांच्या आत तो मुरतो. राष्ट्रीय पातळीवर किरकोळ भासणारा तालुका विधानसभेच्या निवडणुकीत निर्णायक ठरू शकतो. हा दुसरा परिणाम त्यांच्या चौकटीत बसत नाही.

'सुधारणा' या शब्दाविषयी

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. इंग्रजीत 'रिफॉर्म' हा शब्द आज बऱ्यापैकी कोरडा झाला आहे. मराठीत 'सुधारणा' या शब्दामागे महात्मा फुले उभे आहेत, १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढणारे आगरकर उभे आहेत. त्यामुळे कामगार कायद्यांतील बदलाला 'सुधारणा' म्हटले की त्याला विरोध करणारा आपोआप सनातन्यांच्या पंगतीत जाऊन बसतो. तृतीय वर्षाच्या वर्गात हा विषय शिकविताना विद्यार्थी निरागसपणे विचारतात, "सर, सुधारणा होती तर विरोध का केला?" प्रश्नातच निकाल दिलेला असतो. आगरकरांची सुधारणा आणि आपण येथे पाहत असलेली सुधारणा यांत एक मोठा भेद आहे. आगरकरांनी आपले म्हणणे लोकांच्या तोंडावर सांगितले आणि त्याबद्दल जिवंतपणीच स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहिली. चोरपावलांनी येणे हे त्या परंपरेत बसणारे नव्हे.

बाजाराच्या बाजूचे आंदोलन

जनआंदोलन म्हणजे बाजारपेठेला विरोध, हे समीकरण महाराष्ट्राच्या अभ्यासकाला तरी मान्य होऊ नये. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चाकणच्या कांद्यापासून सुरू केलेला लढा शेतमालाच्या भावासाठी होता. आणि भाव पाडण्याचे काम बाजार करीत नसून सरकार करते, ही त्यांची मांडणी होती. निर्यातबंदी, लेव्ही, झोनबंदी यांतून शेतकऱ्याला उणे अनुदान मिळते असे ते सांगत. १९९० च्या दशकाच्या आरंभी डंकेल प्रस्तावावरून देशभरातील शेतकरी चळवळ दुभंगली. कर्नाटकात प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने डिसेंबर १९९२ मध्ये बंगळूर येथील कारगिल कंपनीच्या कार्यालयावर हल्ला चढविला. त्याच काळात शरद जोशी डंकेल प्रस्तावाचे समर्थन करीत होते. लाखो शेतकऱ्यांना रस्त्यावर आणू शकणारी एक संघटना खुल्या बाजारासाठी उभी होती, आणि तरीही सुधारणा लपूनछपूनच आणाव्या लागतात असा सिद्धान्त मांडला गेला, ही बाब खटकणारी आहे.

२०२० च्या तीन कृषी कायद्यांची कथा या संदर्भात वाचली पाहिजे. ५ जून २०२० रोजी, साथीच्या काळात, ते वटहुकूम म्हणून आले. शेती आणि बाजार हे राज्यसूचीतील विषय असताना समवर्ती सूचीतील अन्नधान्य व्यापाराच्या नोंदीचा आधार घेतला गेला. २० सप्टेंबर रोजी राज्यसभेत मतविभागणीची मागणी होत असता आवाजी मतदानाने दोन विधेयके संमत झाली. नोव्हेंबरअखेर सिंघू, टिकरी आणि पुढे गाझीपूर येथे शेतकऱ्यांनी ठाण मांडले. ते वर्षभराहून अधिक काळ. या काळात सातशेहून अधिक शेतकरी दगावल्याचे संघटनांनी सांगितले.

महाराष्ट्रातील प्रतिसाद दुहेरी होता. किसान सभेने नाशिकहून दिल्लीकडे वाहनमोर्चा नेला आणि २५ जानेवारी २०२१ रोजी आझाद मैदानावर सभा झाली. शेतकरी संघटनेने मात्र कायद्यांचे स्वागत केले. परंतु याच वर्षातील कांद्याचा प्रसंग पाहा. जूनच्या वटहुकमाने कांद्यासह अनेक जिन्नस अपवादात्मक परिस्थिती वगळता साठामर्यादेतून मुक्त केले. १४ सप्टेंबरला, संसद ही विधेयके विचारात घेत असतानाच, केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. २३ ऑक्टोबरला घाऊक व्यापाऱ्यांवर २५ टनांची आणि किरकोळ विक्रेत्यांवर दोन टनांची साठामर्यादा लादली. नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादकाने यातून कोणता बोध घ्यावा? स्वातंत्र्य देण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार दोन्ही एकाच हाती असून दोन्ही वेळा त्याला विचारण्याची गरज नाही, एवढाच. २०२३ मध्ये आधी ४० टक्के निर्यातशुल्क आणि मग निर्यातबंदी आली तेव्हा जिल्ह्यातील लिलाव बंद पाडणारे शेतकरी बाजाराच्या विरोधात नव्हते. ते बाजार मागत होते.

सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२१ रोजी कायद्यांना स्थगिती देऊन नेमलेल्या समितीत शेतकरी संघटनेचे अनिल घनवट होते. समितीने मार्चमध्ये बंद पाकिटात अहवाल सादर केला. तो उघडा करावा म्हणून घनवट यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. अहवाल बंदच राहिला. कायद्यांचे समर्थन करणाऱ्या माणसाला आपले समर्थन लोकांपुढे मांडण्यासाठी असे झगडावे लागले. चोरपावलांच्या पद्धतीने सुधारणेच्या विरोधकांची जेवढी हानी केली, तेवढीच तिच्या प्रामाणिक पाठीराख्यांचीही केली आहे, हे जेन्किन्स यांच्या नजरेतून सुटले. त्यांच्या चित्रात सुधारणेचे समर्थक सत्तेच्या आतच असतात; गावात, बांधावर असू शकतात ही शक्यताच त्यात नाही.

काही अडचणी

याचा अर्थ असा नव्हे की आधी विचारले असते तर सारे सुरळीत झाले असते. पंजाबातील गहू-तांदूळ उत्पादकाचे हितसंबंध हमीभावाच्या सरकारी खरेदीत खोल रुजलेले आहेत. कितीही चर्चा केली तरी ते मावळले नसते. प्रक्रिया शुद्ध असली की संघर्ष संपतो, हा भाबडेपणा या लेखाला अभिप्रेत नाही.

याहून मोठी अडचण अशी की अनेक ठिकाणी चोरपावले खरोखरच यशस्वी झाली. मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी हे त्याचे ठळक उदाहरण. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव आधीच मोडला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीची जमीन विकसित करताना तिची महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात साधारण तीन वाटे करण्याची तरतूद केली. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि बांधकामाखालची जमीन वाटणीच्या हिशेबातून वगळली गेली. सुमारे ६०० एकरांचे भवितव्य काही शब्दांनी पालटले. मोर्चे निघाले, उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये लोकांच्या बाजूने कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. कामगारांच्या वाट्याला पुढे आली ती घरांची सोडत.

गिरणगाव हरला आणि पेण टिकले, हे कशामुळे? प्रस्तुत लेखकाच्या मते उत्तर सातबाऱ्यात आहे. रायगडातील प्रकल्पाला शेतकऱ्याची जमीन हवी होती. ती त्याच्या नावावर होती आणि ती ताब्यात घेण्यासाठी शासनाला त्याच्या दारात यावेच लागले. गिरणी कामगाराची कोणतीच गोष्ट कोणालाही नको होती. त्याचे श्रम नको होते, जमीन त्याची नव्हती, नियमातील दुरुस्तीला त्याच्या सहीची गरज नव्हती. आयातशुल्क, परवाने, विनिमयदर यांतील बदलही कोणाच्या सहीवाचून होतात, आणि जेन्किन्स यांची उदाहरणे मुख्यतः याच वर्गातील आहेत. म्हणून त्यांचा सिद्धान्त चुकीचा म्हणण्यापेक्षा सुधारणांच्या पहिल्या, सहीविना पार पडणाऱ्या टप्प्याचा सिद्धान्त म्हणणे योग्य ठरेल. कृषी कायदे या विभागणीत नीट बसत नाहीत, हे मान्य केले पाहिजे. त्यांना शेतकऱ्याची सही लागत नव्हती. तेथे गावपातळीवरील संघटना, आडत्यांचे जाळे आणि गुरुद्वारांतील लंगर यांनी ते बळ पुरविले, जे इतरत्र जमिनीच्या मालकीने पुरविले होते.

चार श्रमसंहितांचा अनुभव येथे कसोटीचा आहे. त्यांतील तीन कृषी विधेयकांच्याच आठवड्यात, २३ सप्टेंबर २०२० रोजी, विरोधकांच्या बहिष्कारात राज्यसभेने संमत केल्या. शेतकरी सीमेवर बसला, कामगार बसू शकला नाही. देशातील बहुसंख्य कामगार असंघटित आहेत आणि संहितेला त्यांच्याकडून काहीच नको होते. पाच वर्षे त्या अमलाविना पडून राहिल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्या. केंद्रीय कामगार संघटनांनी निषेध केला. दिल्लीच्या सीमेवर तंबू पडले नाहीत.

कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा पंतप्रधानांनी १९ नोव्हेंबर २०२१ रोजी दूरचित्रवाणीवरून केली. हा आंदोलनाचा विजय होता यात शंका नाही. दहा दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, ते रद्द करणारे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी संमत झाले. विरोधी पक्षांनी चर्चेची मागणी केली होती. चर्चा झाली नाही. आवाजी मतदान झाले. समितीचा अहवाल अखेर मार्च २०२२ मध्ये लोकांपुढे आला. तो न्यायालयाने किंवा शासनाने प्रसिद्ध केला नाही. घनवट यांनी स्वतःच केला. तोवर ज्या कायद्यांविषयी तो लिहिला गेला होता ते अस्तित्वात नव्हते.